गस्तीच्या रायफलीसोबत जादा मॅगझिन कसं बाळगावं : नव्या शिपायांसाठी

प्रशिक्षण केंद्रात रायफल उघडायला, जोडायला, पुसायला शिकवतात. गोळीबाराच्या मैदानावर राउंड (काडतुसं) मोजून हातात देतात आणि पुंगळ्या मोजून परत घेतात. पण रात्री बारा वाजता गस्तीच्या गाडीत चढताना दुसरं भरलेलं मॅगझिन (रायफलीला लावायची राउंडची पेटी) अंगावर नेमकं कुठं असावं, हे मला कुणी बसवून सांगितलं नव्हतं. ते मी चुका करत शिकलो. सोलापूर जिल्ह्यात शिपाई म्हणून लागलो तेव्हापासूनचा हा अनुभव आहे. मुख्यालयात, राज्य राखीव पोलीस बलाच्या सोलापूरच्या गट क्रमांक 10 मध्ये किंवा ठाण्यात नव्याने हजर होणाऱ्या पोरा-पोरींना याचा उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

आधी ती रात्र सांगतो. विजापूर रस्त्याच्या बाजूला रोहित्राची तांब्याची तार कापतायत असा फोन आला. आमची गाडी जवळच होती. गाडीत बसून कमरेला पाउच टोचत होतं म्हणून मी पट्टा सोडून सीटवर ठेवला होता. गाडी थांबली तशी रायफल उचलली आणि उडी मारली. शे-दीडशे पावलं उसाच्या कडेने गेल्यावर सवयीने डावा हात कमरेवर गेला आणि तिथं नुसती पँट लागली. रायफलीत एक मॅगझिन, बाकी सगळं गाडीत. चोरटे पळाले, गोळी झाडायची वेळ आली नाही, परत येऊन पट्टा बांधला. कुणाला कळलंही नाही. पण त्या रिकाम्या कमरेवर हात पडला तेव्हा पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो.

निघण्यापूर्वी जवळ काय असावं

- ओळखपत्र आणि त्या दिवसाच्या नेमणुकीची नोंद
- आपला बकल नंबर (शिपायाचा स्वतःचा नंबर), रायफलीचा नंबर, बट नंबर (रायफलीच्या दस्त्यावरचा नंबर) आणि घेतलेल्या राउंडची संख्या, खिशातल्या छोट्या वहीत स्वतःच्या अक्षरात
- रुंद, कडक पट्टा आणि झाकणाचं पाउच
- कोरडी चिंदी (तेलाची वेगळी, कोरडी वेगळी)
- पावसाळ्यात जाड प्लास्टिकची पिशवी
- लहान टॉर्च

वहीची नोंद फालतू वाटते. पण दुसऱ्या जिल्ह्यात बंदोबस्ताला गेल्यावर, तीन गटांची हत्यारं एका खोलीत ठेवलेली असताना, पहाटे चार वाजता बट नंबर आठवत नाही.

1. हातात कोणती रायफल आली ते ओळखा

एकाच ठाण्यात दोन-तीन प्रकारची हत्यारं असू शकतात आणि एकाचं मॅगझिन दुसऱ्याला चालत नाही. इन्सासचं रायफलीचं मॅगझिन 20 राउंडचं असतं, राउंड 5.56 मिमीचा. एसएलआरचंही 20 चंच, पण राउंड 7.62 मिमीचा आणि लांब. एके-47 चं 30 चं, तिचाही राउंड 7.62 मिमीचा, पण आखूड. एसएलआर आणि एकेचे राउंड आकड्याने एकच दिसतात म्हणून नवीन माणूस फसतो. दोन्ही शेजारी धरून बघा, एसएलआरच्या राउंडची पुंगळी 51 मिमी लांब, एकेच्या राउंडची 39.

वजनातही फरक पडतो. एसएलआरचा एक राउंड साधारण 24 ग्रॅमचा, म्हणजे वीस राउंडचं जवळपास अर्धा किलो, वर लोखंडी मॅगझिनचं वजन वेगळं. इन्सासचा राउंड त्याच्या निम्म्याने. त्यामुळे इन्सासवाल्याचं पाउच ज्या मऊ पट्ट्यावर नीट राहतं, त्याच पट्ट्यावर एसएलआरवाल्याचं लोंबतं आणि पळताना मांडीवर आपटतं.

2. शस्त्रागारात मॅगझिन हातात घेतल्यावर घाई करू नका

मागे रांग असते, मागचा "चल रे" म्हणतो, आणि आपण मॅगझिन न बघताच पाउचमध्ये टाकतो. तसं करू नका. रायफलीतलं मॅगझिन सगळे बघतात. जादा मॅगझिन तसंच्या तसं पाउचमध्ये जातं आणि महिनोन्‌महिने तिथून कुणी काढून बघत नाही.

रिकाम्या मॅगझिनचा प्लॅटफॉर्म (राउंड ज्यावर बसतात ती पट्टी) अंगठ्याने तळापर्यंत दाबा आणि हळूहळू सोडा. तो एका दमात, न अडखळता वर यायला हवा. मध्येच थबकला तर आत माती आहे, स्प्रिंग थकली आहे किंवा कडेला पोचा गेला आहे. मग वरच्या दोन ओठांवरून बोट फिरवा. राउंड धरून ठेवतात ते हेच ओठ. एक जरी किंचित बाहेर वाकला असेल तर राउंड वेडावाकडा वर येऊन चेंबरच्या (नळीत राउंड बसतो त्या जागेच्या) तोंडाशी अडकतो. तळाची पत्री घट्ट बसली आहे का पाहा. ती सरकली तर स्प्रिंगसकट सगळं खाली सांडतं.

इन्सासचं मॅगझिन अर्धपारदर्शक असल्यामुळे आतले राउंड दिसतात, ही मोठी सोय. पण ते उजेडासमोर धरून तडा आहे का तेही बघा. 1999 च्या कारगिल युद्धात थंडीने ही मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी आल्या होत्या. आपल्याकडे तशी थंडी नाही, पण गाडीतून उतरताना डांबरावर पडलेली मॅगझिनं मी भरपूर पाहिली आहेत.

मॅगझिन खराब वाटलं तर तिथल्या तिथे बदलून मागा. नवीन माणसाला संकोच वाटतो, आरमोरर दादा (शस्त्रागार सांभाळणारे) चिडतील असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. मॅगझिन पारखून घेणारा पोरगा त्यांच्या लक्षात राहतो आणि पुढच्या वेळी ते स्वतःच चांगलं काढून देतात.

3. राउंड भरताना

प्रत्येक राउंड चिंदीने कोरडा पुसून बघत भरा. पोचा गेलेली पुंगळी, हिरवट डाग, सैल गोळी, मागची टोपी बाहेर आलेली, असलं काही दिसलं की तो राउंड बाजूला काढून परत द्या. राउंडला तेल लावायचं नाही. तेलावर धूळ बसते, आणि सोलापुरात धुळीला तोटा नाही.

जेवणाचंही सांगतो, कारण आपल्या भागात हे नेहमी होतं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन, हात नुसता पँटला पुसून राउंड भरायला बसू नका. शेंगांचं तेल आणि मीठ दोन्ही पितळेवर बसतं. असं भरलेलं मॅगझिन आठ दिवसांनी उघडलं की राउंडवर बोटांचे काळपट ठसे उमटलेले दिसतात. साबणाने हात धुवा, कोरडे करा, मग भरा.

20 च्या मॅगझिनमध्ये बरेच जण 18 भरतात, 30 च्यात 28. अगदी काठोकाठ भरलं तर स्प्रिंगला दबायला जागा उरत नाही आणि बोल्ट (राउंड चेंबरमध्ये ढकलणारा भाग) बंद असताना मॅगझिन चढवायला जोर लागतो. तुमच्या घटकात (युनिटमध्ये) किती भरायचे याचा हुकूम असेल तर तोच पाळा, आणि दोन्ही मॅगझिनांत आकडा सारखा ठेवा. भरून झाल्यावर मॅगझिनची मागची बाजू तळहातावर दोन-तीनदा आपटा, म्हणजे सगळे राउंड मागे सरकून एका रेषेत बसतात.

भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते म्हणून रोज रिकामं करायचं, रोज भरायचं, असं काही जण करतात. स्प्रिंग झिजते ती जास्त करून वारंवार दाबण्या-सोडण्याने. ठरलेल्या दिवशी काढा, पुसा, तपासा, परत भरा.

4. ठेवायचं कुठं : कमरेला, छातीवर की रायफलीवरच

उसाच्या कडेची ती रात्र झाल्यावर मला वाटलं, जादा मॅगझिन रायफलीलाच बांधून टाकावं. रायफल उचलली की तेही आपोआप सोबत येईल, पट्टा राहिला तरी हरकत नाही. विचार चुकीचा नव्हता. गाडीतून उडी मारणाऱ्या माणसाची खरी अडचण तीच आहे. म्हणून त्यातले दोन प्रकार मी स्वतः करून बघितले.

पहिला प्रकार टेपचा. दोन मॅगझिनं एक सुलट, एक उलट ठेवून चिकटपट्टीने बांधायची. सिनेमात बघून प्रत्येक नवीन पोराला हे करावंसं वाटतं. करू नका. उलट्या मॅगझिनचं उघडं तोंड जमिनीकडे असतं. लेटून फायरची पोझिशन घेतली की ते तोंड थेट काळ्या मातीत रुततं. एकदा मी असं मॅगझिन काढून तोंडाशी बोट घातलं, तर वरच्या राउंडच्या दोन्ही अंगांनी ओली माती भरली होती, आणि प्लॅटफॉर्म दाबला की करकर आवाज येत होता. ते मॅगझिन रायफलीत गेलं असतं तर पहिल्या-दुसऱ्या राउंडलाच अडकलं असतं. शिवाय दोन मॅगझिनांचा भार एकट्या मॅगझिन कॅचवर (मॅगझिन धरून ठेवणाऱ्या कडीवर) येतो. आणि मे महिन्यात, पारा 43 च्या वर गेला की, टेपचा गोंद पातळ होऊन मॅगझिनं एकमेकांवरून सरकतात. बोटं चिकट होतात ती वेगळीच.

दुसरा प्रकार बटवरच्या पाउचचा. हा मला जास्त पटला होता. सोलापूर गणवेशाच्या शिवणकामासाठी प्रसिद्ध आहे. पूर्व भागातल्या एका शिंपीकाकांकडून जाड कॅनव्हासचं पाउच शिवून घेतलं, रायफलीच्या बटला नाड्यांनी आवळलं. उजव्या खांद्याने फायर करणाऱ्याचा गाल बटच्या डाव्या बाजूला टेकतो, म्हणून पाउच उजव्या बाजूला. डावखुऱ्याचं उलट. महिनाभर छान वाटलं. मग एकेक गोष्ट समोर यायला लागली.

बट नंबर पाउचखाली झाकला गेला, त्यामुळे रॅकमध्ये मोजणी करताना माझ्या रायफलीशी येऊन गाडं अडायचं. मॅगझिन काढायला डावा हात बटवरून पलीकडे न्यावा लागतो, म्हणजे रायफल खांद्यावरून उतरवावीच लागते. कमरेवरून काढताना ती खांद्यालाच राहते. बट जड झाल्याने रायफल गळ्यात तिरकी लटकते. घडीच्या बटच्या रायफलीला तर हे जमतच नाही. आणि गर्दीत कुणी रायफलीला झोंबलं, तर हत्याराबरोबर जादा राउंडही त्याच्या हातात जाणार.

पण मी ते पाउच काढलं ते निराळ्याच कारणाने. एका पहाटे ड्युटी संपवून रायफल जमा करायला गेलो. मॅगझिन काढलं, कॉकिंग हँडल (बोल्ट मागे ओढायची मूठ) दोनदा ओढलं, चेंबर दाखवलं, रायफल खाली (रिकामी) म्हणालो आणि पुढे केली. आरमोरर दादांनी ती घेतली आणि बटवरून त्यांचा अंगठा फिरला. ते थांबले. पाउचचं झाकण उघडून त्यांनी भरलेलं मॅगझिन बाहेर काढून टेबलावर ठेवलं. अठरा राउंड. मी रायफल खाली आहे असं म्हणालो होतो आणि मनापासून तसंच समजत होतो. ते मला रागावले नाहीत. "हे रॅकमध्ये गेलं असतं तर?" एवढंच विचारलं. रायफल रॅकमध्ये गेली असती आणि सकाळच्या मोजणीत अठरा राउंड कमी भरले असते. एका राउंडचाही हिशेब लागला नाही तर खात्यांतर्गत चौकशी लागते, इथे तर अठरा होते.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे. जादा मॅगझिन अंगावर, झाकणाच्या पाउचमध्ये, कमरेच्या डाव्या बाजूला (डावखुऱ्यांनी उजव्या). रायफलीवर पाउच फक्त घटकाने स्वतः दिलं असेल आणि आरमोररने बसवलं असेल तरच. सरकारी हत्याराला आपल्या मनाने काही बांधायचं, शिवायचं, चिकटवायचं नाही.

बुलेटप्रूफ जॅकेट घातलं असेल तर पट्टा झाकला जातो. तेव्हा जॅकेटवरच्या छातीच्या पाउचमध्ये ठेवा, पण सगळ्यात खालच्या. वर ठेवलं तर लेटून फायर करताना ते छातीखाली येतं.

महिला शिपायांसाठी एक सूचना. तयार पट्टे बहुतेक पुरुषांच्या मापाचे असतात. पाउच बरोबर कुशीच्या हाडावर आलं तर बसताना टोचतं आणि मग पट्टा सोडायची सवय लागते, जशी मला लागली होती. चार बोटं पुढे, पोटाच्या डाव्या कोपऱ्याकडे सरकवा आणि पट्ट्याला एक जास्तीचं भोक पाडून घ्या. मागच्या बाजूला मात्र कुणीच ठेवू नका. गड्डा यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीला किंवा आषाढीला पंढरपुरात माणसाला माणूस घासून चालतो. मागच्या पाउचवर कुणाचा हात गेला ते कळणारही नाही.

5. पाउचमध्ये तोंड कोणत्या बाजूला

मॅगझिनचं तोंड खाली, तळ वर. म्हणजे धूळ-पाऊस आत जात नाही. गोळ्यांची टोकं पुढच्या दिशेला, पोटाच्या बाजूला. असं ठेवलं की डावा हात खाली गेल्यावर तळ तळहातात येतो, पहिलं बोट मॅगझिनच्या पुढच्या कडेवर पडतं, आणि अंधारातही मनगट न फिरवता मॅगझिन रायफलीकडे जातं. उलट ठेवलं असेल तर हातात आल्यावर एकदा फिरवावं लागतं, आणि घाईत फिरवताना ते पडतं. बाहेर काढून परत ठेवताना दर वेळी गोळ्यांची टोकं बोटाने चाचपा.

त्या पाउचमध्ये दुसरं काहीही नको. चावी नको, तंबाखूची पुडी नको, मोबाईलचा चार्जर नको. वॉकीटॉकीही त्याच बाजूला असेल तर ती मागे सरकवा.

झाकणाला बटण असलेलं पाउच मला वेल्क्रोच्या पट्टीच्या झाकणापेक्षा बरं वाटतं. आपल्याकडे कापसाचे तंतू आणि कडब्याचा भुसा त्या पट्टीत अडकून बसतो, वर्षभरात पकड जाते.

6. गाडीत बसताना

पट्टा सोडायचा नाही. टोचत असेल तर पाउचची जागा बदला.

चालकाच्या शेजारी बसणाऱ्याचं डावं पाउच दाराकडे येतं, तिथं अडचण होत नाही. चालकाला मात्र सीटबेल्टचं बकल डाव्या कुशीशीच असतं आणि पाउच त्यावर दाबलं जातं. त्याने पाउच पुढे घ्यावं. मॅगझिन डॅशबोर्डवर, दाराच्या कप्प्यात, सीटखाली ठेवू नका. उन्हाळ्यात बंद गाडीतलं लोखंड हात लावू देत नाही, आणि सीटखालचं मॅगझिन ब्रेक दाबल्यावर कुठं घरंगळेल याचा नेम नाही. उतरण्यापूर्वी दार उघडायच्या आधी एकदा डाव्या हाताने पाउच चाचपायचं. मी आजही कुठल्याही गाडीतून उतरताना कमरेला हात लावतो, साध्या कपड्यात असलो तरी.

7. बदलण्याचा सराव

सराव रिकाम्या मॅगझिनांवर, वरिष्ठांच्या देखरेखीखाली, चेंबर दोघांनी बघून. भरलेल्या मॅगझिनवर बराकीत सराव करायचा नाही. नळीचं तोंड नेहमी सुरक्षित दिशेला, बोट खटक्याबाहेर.

एसएलआर आणि एके दोन्हींत मॅगझिन सरळ वर ठोकून बसत नाही. आधी पुढची कड आत अडकवायची, मग मागची बाजू वर ओढायची, 'खट्' असा आवाज येईपर्यंत. आवाज आल्यावर एकदा खाली ओढून बघा. नीट न बसलेलं मॅगझिन पहिल्या राउंडनंतर पायावर पडतं. एकेत शेवटचा राउंड गेल्यावर बोल्ट मागे थांबत नाही, खटका दाबला की नुसता 'क्लिक' येतो. त्या आवाजाची ओळख करून घ्या. नवीन मॅगझिन चढवल्यावर कॉकिंग हँडल ओढून पूर्ण सोडायचं, हाताने सोबत पुढे न्यायचं नाही.

काढलेलं मॅगझिन परत त्याच पाउचमध्ये घालू नका, नाहीतर अर्धं रिकामं पुन्हा हातात येतं. ते शर्टच्या आत किंवा पँटच्या मोठ्या खिशात जाऊ द्या. टाकून मात्र द्यायचं नाही, त्याची तुमच्या नावावर नोंद आहे.

रोज दहा वेळा, डोळे मिटून पाच वेळा. महिनाभरात हात स्वतःहून पाउचवर जातो.

8. धूळ आणि पाऊस

ज्वारीच्या काढणीत शेतालगत पॉइंट (बंदोबस्ताची जागा) असेल तर चार तासांत पाउचच्या तळाशी बारीक भुसा जमतो. मॅगझिन काढा, पाउच उलटं करून झटका, मॅगझिनचं तोंड कोरड्या चिंदीने पुसा. पावसात भिजलं तर त्याच दिवशी परवानगीने राउंड काढून मॅगझिन उघडा आणि सुकवा. ओलं कॅनव्हासचं पाउच आणि त्यात लोखंडी मॅगझिन रात्रभर राहिलं की सकाळी कडेला तांबूस रेघ आलेली असते.

9. जमा करताना

आधी जादा मॅगझिन, मग रायफल. हा क्रम मी त्या पहाटेनंतर धरला. पाउच उघडून मॅगझिन टेबलावर ठेवा, पाउचचं झाकण उघडंच राहू द्या म्हणजे समोरच्यालाही रिकामं दिसतं. त्यानंतर ठरलेल्या जागी नळी सुरक्षित दिशेला धरून 'खाली कर'ची कारवाई करा. मॅगझिन आधी निघालं पाहिजे, हँडल नंतर ओढायचं. उलट केलं तर नवा राउंड चेंबरमध्ये जातो. चेंबरमध्ये नुसतं बघू नका, करंगळी घालून बघा.

राउंड दोघांनी मिळून मोजा, मोठ्याने. फायर झालं असेल तर पुंगळ्याही मोजून द्या. आकडा तुमच्या वहीशी आणि नोंदवहीशी जुळवा, सही करा. एखादा राउंड कमी भरला तर तिथेच, त्याच क्षणी सांगा आणि स्टेशन डायरीला नोंद घालायला लावा. "उद्या सापडेल" म्हणून घरी गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कुणी मदत करू शकत नाही.

सही झाल्यावरच पट्टा सोडा.